वाडीच्या चढावर बंद पडणारा कॉम्प्युटर

प्रिय अण्णा,

शाळेत वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. पण तुम्हाला तीर्थरूप म्हटलं असतं तर दुसरंच कोणी आलंय असं वाटून तुम्ही मागं वळून बघितलं असतं. म्हणून प्रिय.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आज सकाळच्या एसटीनं गेले, मोठी पातेली घासून शेजारी परत पाठवली, आणि दुकान मी दुपारनंतरच उघडणार आहे. तेवढ्या वेळात हे लिहून काढते. मला तुमची माफी मागायचीय. ती मागून झाली की थोडं भांडायचंही आहे. फोटोपुढं उभं राहून दोन्ही जमत नाही. त्या फोटोत तुम्ही टोपी घालून इतके गंभीर बसलाय! असे कधी बसला होता हो तुम्ही?

नितीनभावजींना बंगळूरला नोकरी लागली आणि त्यांनी आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर वेल्ह्याला आपल्या घरी आणून ठेवला, तो दिवस आठवतो? एका बाजूला काच, आत पंखे, पंख्यांना लाल-निळे दिवे. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "ह्यो कॉम्प्युटर हाय का वरातीची गाडी?"

एसटीतून रिटायर होऊन तुम्हाला तेव्हा वर्ष झालं होतं. दुपारभर ओट्यावर बसून, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कुठं चुकला ते तुम्ही आईंना सांगायचात. आई वैतागायच्या. भावजींनी ते बघितलं आणि जाताना बस चालवायचा गेम टाकून दिला, टेबलाला स्टिअरिंग लावलं, पायाशी ब्रेक-एक्सलेटर ठेवले. पहिल्यांदा बसताना तुम्ही स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावलात. मी दारात उभी राहून हसले होते. तुम्हाला दिसलं नसेल असं मला अजून वाटतंय. दिसलं होतं का?

मग ते बंद पडणं सुरू झालं. चालता चालता स्क्रीन काळी व्हायची, पंखे भणाणायचे, इंजिनाचा आवाज एकाच जागी र्र्र्र करत अडकायचा. थोड्या वेळानं चित्र परत आलं की पाटी दिसायची: 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आहे.' सगळं मराठीत मीच करून दिलं होतं, तुम्हाला वाचता यावं म्हणून. तुम्ही चष्मा पुसून ती पाटी दोनदा वाचलीत.

"वैशाली, हे मला म्हनतंय का?"

"नाही हो अण्णा. ड्रायव्हर म्हणजे आतला एक प्रोग्रॅम. ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारा."

"मंग तसं लिवावं की! बत्तीस वर्सं गाडी चालवली. पॅसिंजरनं हाक मारली आन् म्या पर्तिसाद दिला न्हाई, असं कदी झालं न्हाई!"

त्या दिवशी आपण दोघंही खूप हसलो. पण पुढं ते रोजचंच झालं आणि माझं हसू कमी होत गेलं. दुकानात माझ्यासमोर दाखल्यांची, सातबाऱ्याची, ऑनलाइन फॉर्मांची गर्दी. तुमचा फोन यायचा, "बंद पडलं गं." मी धावत यायचे, रिस्टार्ट करायचे आणि जाता जाता म्हणायचे, "तुम्ही काहीतरी दाबलं असणार." दर वेळी तेच. कधीही दोन मिनिटं मागं उभी राहिले नाही की बंद पडतं तरी कुठं, कसं. गावातली माणसं बिघडलेले कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडं येतात आणि मी ते नीट करून देते. घरचा तेवढा राहिला!

आणि मग तो दिवस. तुम्ही स्वतः दुकानात आलात. समोर पाच माणसं उभी होती. तुम्ही काउंटरला टेकून म्हणालात, "वैशाली, माज्या ध्यानात आलंय त्याला काय हुतंय ते. सांगू का?" आणि मी मान वर न करता म्हणाले, "अण्णा, तुम्ही बस चालवलीत, कॉम्प्युटर नाही. घरी आल्यावर बघते."

एकजण हसला. तुम्ही "बरं बरं" म्हणून निघून गेलात. घरी आल्यावर मी बघितलं नाही आणि तुम्हीही परत विषय काढला नाहीत. पुढच्याच पंधरवड्यात सकाळचा चहा पिताना तुमच्या छातीत कळ आली. कपसुद्धा खाली ठेवायचा राहिला.

माफी त्या एका वाक्याची मागायचीय, अण्णा. बाकीच्या चुका माझ्या हातून कामाच्या गडबडीत झाल्या. हे वाक्य मात्र मी माणसांसमोर ऐटीत बोलले होते.

तुमच्यामागं चार महिने कॉम्प्युटर आईंच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला होता. दिवाळीला भावजी आले. म्हणाले, "वहिनी, हे मशीन आता कोण वापरणार? माझ्या मित्राला देऊन टाकतो. बंद पडतंय ना, फॉरमॅट करून टाक. सगळं पुसलं की आपोआप सुधरेल." मलाही पटलं. मी कित्येक कॉम्प्युटर असेच पुसून परत दिलेत. पण पुसायच्या आधी आत कुणाचं काही राहिलंय का ते बघायची माझी सवय आहे. या सवयीला मी जन्मभर नमस्कार करीन!

गेमच्या फोल्डरमध्ये 'वाडी' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. त्यात फायली: वाडी १, वाडी २, वाडी ३... थेट वाडी ६४ पर्यंत.

मी शेवटची उघडली. स्क्रीनवर वेल्ह्याचा स्टँड आला! चौकशीची खिडकी, बाजूला चहाची टपरी, तुमची लाल बस उभी. मी स्टिअरिंगला बसले आणि निघाले. मार्गासनीचा फाटा आला. आत वळल्यावर राजगड समोर आला. जरा चौकोनी होता, पण राजगडच! रस्त्याकडेला ठिकठिकाणी थांब्यांच्या पाट्या होत्या आणि प्रत्येकीवर तुम्ही टाईप केलेलं होतं, 'वाडीकडे'.

वाडी म्हणजे आईंचं माहेर. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. घरं उठली तेव्हा मामांची कुटुंबं सारोळ्याकडं राहायला गेली. वाडीला जाणारी एसटी बंद व्हायच्या आधी, दिवसाच्या दोन फेऱ्या तुम्हीच घेऊन जायचात. आईसुद्धा तुम्हाला त्याच गाडीत पहिल्यांदा दिसल्या, हे मला लग्नात तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलं होतं. तो अख्खा रस्ता तुम्ही दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर परत बांधत होतात, आणि मी समजत होते तुम्ही खेळताय!

कोणाला एका शब्दानं सांगितलं का नाही? मला नाही, आईंनाही नाही? भावजींना तेवढं विचारलंत, रस्ता काढायचा कसा. तेसुद्धा "असंच, गंमत" म्हणून.

खिंडीचा चढ लागला. दोन्ही बाजूंना दाट झाडी. बस अर्ध्या चढावर आली आणि स्क्रीन काळी झाली. र्र्र्र. तीच पाटी.

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तिथंच. खिंडीच्या पलीकडं वाडी होती आणि मला तिथं जाता येत नव्हतं. भावजींना म्हटलं, "मशीन कुठंही जाणार नाही." फोल्डर आधी तीन पेनड्राइव्हवर घेतलं, एक दुकानात ठेवलं, एक घरात, एक यांच्याजवळ. मग पदर खोचला.

पहिलं काम सगळेच करतात ते. ड्रायव्हर नवा टाकला. खिंडीत बंद. मग सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या ड्रायव्हरचा अंशही उरणार नाही असा काढला आणि मागची, जास्त भरवशाची आवृत्ती टाकली. दोन दिवस वाटलं जमलं. तिसऱ्या दिवशी खिंडीत बंद!

मग वाटलं, तापत असेल. काच उघडली तर आत काय! पंख्यांत भाताचं तूस अडकलेलं. अहो, कॉम्प्युटर कणगीशेजारी कोण ठेवतं? ब्लोअर मारून सगळं स्वच्छ केलं, कार्डाचं तापमान बघितलं. अगदी सुखरूप. तरीही खिंडीत बंद. रॅमच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्या. बंदच.

भोरच्या दुकानातले इम्रानभाई फोनवर म्हणाले, "ताई, कार्ड गेलंय. बदला." माझा विश्वास बसेना. मी ते कार्ड कापडात गुंडाळून, नसरापूरला गाडी बदलून त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी आपल्या मशीनला लावून तपासणीचा प्रोग्रॅम चालू केला. सकाळपासून दुपारपर्यंत कार्ड धडधाकट चाललं. इम्रानभाईंनी स्वतःच कान पकडले. म्हणाले, "गेम हितंच टाकून बगा की मंग." पण तो रस्ता मला कुणाच्या दुकानात उभं राहून बघायचा नव्हता. आपल्या घराबाहेर तर नाहीच.

म्हणजे ड्रायव्हर ठीक, कार्ड ठीक, आणि मशीन मात्र खिंडीत मरतंय. परत येताना एसटीत मांडीवर कार्ड घेऊन मी विचार करत होते. काहीच सुचत नव्हतं.

घरी आले तर आई वाल सोलत बसल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "अजून त्येच का?"

"हो ना. आता काय करावं कळत नाही."

"हे म्हनायचे, सपाटीला पळती आन् चढाला दम टाकती. लोड आला की डिझेल पुरत न्हाई तिला. टाकीत डिझेल हाय, पर पाईप बारीक पडतोय."

मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. "आई! हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा?"

बरोबर होतं. तुम्ही दुकानात हेच सांगायला आला होतात ना?

मी तशीच कॉम्प्युटरजवळ गेले आणि कार्ड परत बसवलं. सपाटीला चित्र साधं असतं, कार्डाला काम कमी. खिंडीत तुम्ही दोन्ही अंगांनी इतकी झाडं लावलीत, इतकी झाडं लावलीत, की ती सगळी एका वेळी काढताना कार्ड एकदम जास्त वीज मागतं. आणि ती मिळत नाही! आधी खात्री करून घ्यावी म्हणून, कार्डानं किती वीज घ्यायची त्याची हद्द मी खाली आणली. बस निघाली. चित्र अडखळत होतं, पण खिंड चढली! पहिल्यांदाच. मी वरच थांबले आणि मशीन बंद केलं. खाली उतरले नाही.

मग मागचा पत्रा काढला. कार्डाला विजेची दोन तोंडं होती. ती मी काढली-लावली होती, पण मागं तार कुठून येते ते बघितलंच नव्हतं. भावजींनी दोन्हींना एकाच तारेच्या दोन फांद्या लावलेल्या. एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघालेली दुसरी अख्खी तार रबरबँड लावून मागं कोंबून ठेवलेली. टाकीत डिझेल होतं आणि पाईप बारीक पडत होता. तुम्ही काच न उघडता, तार न बघता, नुसतं आवाजावरून ओळखलंत!

भावजींना फोन केला. ते म्हणाले, "अगं वहिनी, माझे गेम साधे होते, चालायचे. दुसरी तार लावायचा कंटाळा आला होता." त्यांना मी काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तुम्हीसुद्धा कानावर हात ठेवले असते.

रबरबँड तोडला, दुसरी तार लावली, हद्द काढून टाकली. चार दिवस रोज खिंड चढून बघितली. एकदाही बंद पडली नाही. पण चारही दिवस मी खिंडीच्या माथ्यावरून परत फिरले. वाडी बघायचा पहिला मान माझा नव्हता. आणि आईंना अर्धवट काही दाखवायचं नाही, वर्षश्राद्धाला त्यांची माहेरची माणसं जमतील तेव्हाच दाखवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

काल जेवणं झाल्यावर सारोळ्याचे मामा, मामी, आईंची धाकटी बहीण, सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. यांनी टीव्हीला वायर जोडून दिली. आई म्हणाल्या, "आता ह्यो काय शिनेमा?" मी म्हटलं, "अण्णांनी केलंय. बघा तर." आणि वेल्ह्याच्या स्टँडवरून गाडी काढली.

फाट्यापर्यंत गप्पा चालू होत्या. आत वळल्यावर मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आरं, ही तर वाडीची गाडी!" खिंड आली. मी मनातल्या मनात तुमचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू? पण गाडीनं एकदासुद्धा दम टाकला नाही. माथा आला, उतार लागला, आणि खाली वाडी दिसली. पंधरा-सोळा घरं, ओढा, देऊळ, गाडी वळवायची मोकळी जागा.

मामी रडायला लागल्या. मामा मात्र उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट लावून म्हणाले, "दाजींनी इहीर चुकवली! इहीर देवळाच्या उजव्या अंगाला व्हती." मावशी म्हणाल्या, "काय बी सांगू नगं, डाव्याच अंगाला व्हती. पानी तू भरत व्हतास का मी?" दोघांची अशी जुंपली की रडणं राहिलं बाजूला. मग प्रत्येकजण काही ना काही सांगायला लागला. इथं शेळ्यांचा वाडा होता, तिथं दगड होता, त्यावर बसून गाडीची वाट बघायचे. आणि अण्णा, ती झाडं! गेममध्ये थंड मुलखातलीच झाडं मिळतात हे मान्य. पण राजगडाखाली देवदार? वाडीच्या आंब्याच्या जागी ते कसलं जाडजूड झाड आहे?

आई पुढं सरकून बसल्या होत्या. त्या शेवटच्या घराकडं बघत होत्या. बाकी घरं तुम्ही साधी ठोकळ्यासारखी केलीत. त्या एकाच घराला पडवी होती, पायऱ्या होत्या, निळं दार होतं. मी गाडी तिथं नेऊन उभी केली.

आई म्हणाल्या, "दार निळं न्हवतं. हिरवं व्हतं." मग त्यांना हसू फुटलं. "इतकी वर्सं जावई म्हनून त्या दारातनं आत-भाईर केलं, आन् रंग ध्यानात न्हाई मानसाच्या!" हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. तो बराच वेळ तसाच होता. मी गाडीचं इंजिन चालूच ठेवलं.

आता भांडण. दाराचा रंग आईंना विचारला असतात तर काय बिघडलं असतं? विहीर कुठल्या अंगाला ते मामांना एका फोनवर कळलं असतं. सगळं एकट्यानं, न सांगता, पूर्ण झाल्यावरच दाखवायचं, हा हट्ट कशासाठी? तुम्हाला वाटलं असेल, नीट चालेल तेव्हाच दाखवू. आणि ते नीट चालवायचं माझ्या हातात होतं. म्हणजे भांडता भांडता मी परत माफीवरच आले! तुमच्याशी भांडण म्हणजे असंच असायचं.

पण मी रडत बसलेली नाही. कामाला लागलेय. मामांनी जाताना कागदावर वाडीचा नकाशा काढून दिलाय, मावशींनी त्याच कागदावर खाडाखोड करून दिलीय. दोघांची विहीर वेगवेगळीच आहे. दाराला हिरवा रंग मी आजच सकाळी दिला. आईंनी शेजारी बसून तीन हिरवे नापास केले, चौथा पास झाला.

तुम्हाला शब्द देते. वाडीचं प्रत्येक घर त्या-त्या घरच्या माणसाला विचारून पुरं करीन, आणि सारोळ्याला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्यात फिरवून आणीन. कार्ड, तारा, पंखे, सगळं मी सांभाळते. कणगी दुसऱ्या खोलीत हलवलीय. आणि कुणी "काय बिघडलंय ते ध्यानात आलंय, सांगू का?" म्हणत काउंटरला टेकलं, तर समोर पाच सोडून पन्नास माणसं उभी असली तरी हातातलं काम ठेवून आधी त्याचं ऐकून घेईन.

आतल्या खोलीतून आवाज येतोय. तुमच्या स्टिअरिंगवर आई बसल्यात. सकाळपासून तीनदा बस ओढ्यात घातलीय आणि प्रत्येक वेळी रस्ता अरुंद काढला म्हणून तुम्हालाच बोलल्यात. मशीन मात्र चालू आहे. आत्ता ओरडून विचारतायत, "वैशाली, ह्याचा हारन कुठं हाय गं? माज्या घरामागच्या वाटंत कुनीतरी म्हस आडवी बांदलीया!"

म्हैस मी ठेवली नाही. तुम्हीच ठेवलेली असणार. जाते, हॉर्न दाखवून येते.

तुमची सून,
वैशाली